पाण्यावरचे मचाण

पातूरच्या माणसाला समुद्र म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरातले चित्र! अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी आमचे गाव. डोंगरात कोरलेली जुनी लेणी, उंचावर रेणुकामातेचे देऊळ, शेख बाबूंचा दर्गा, भोवती सागाचे विरळ रान, आणि उन्हाळ्यात नदीच्या पात्रात पाण्यापेक्षा गोटे अधिक. खारे पाणी मात्र वऱ्हाडाला अगदीच परके नाही. अकोल्याच्या उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्यात मैलोगणती खारपाणपट्टा पसरला आहे; तेथल्या विहिरीचे पाणी घोटभर पिऊन पाहावे म्हणजे ‘समुद्रकाठी राहतो की काय’ असे वाटते. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे खारे सरोवर आहे. पण खाऱ्या पाण्यात तोंड बुडवून तासभर तरंगत राहावयाचे आणि त्यासाठी वर पैसेही मोजावयाचे, ही कल्पना ऐकून आमच्या मामांनी तंबाखू मळता मळता हात थांबवला आणि विचारले, “काहून बापा, घरी टाकं नाही का?”

तरीसुद्धा मामा आले. मालवणला आले, पाण्यात उतरले, आणि बाहेर येऊन जे बोलले ते पुढे सांगतोच.

समुद्रात बुडी मारून खोल जावयाचे असेल तर पाठीवर हवेची नळकांडी बांधावी लागतात, त्याचे रीतसर शिक्षण घ्यावे लागते. मालवणजवळ तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाने त्यासाठी संस्थाच काढली आहे. आपण ज्याविषयी बोलत आहोत ते स्नॉर्केलिंग त्याहून पुष्कळच सोपे. डोळे आणि नाक झाकणारा काचेचा मुखवटा लावावयाचा, तोंडात एक वाकडी नळी धरावयाची, तिचे दुसरे टोक पाण्याच्या वर ठेवावयाचे आणि पालथे पडून खाली पाहावयाचे. बस्स! पोहता न येणाऱ्यास तरंगते जाकीट देतात आणि बरोबरचा माणूस धरून ठेवतो. अडचण एकच. जन्मभर नाकाने श्वास घेतलेल्या माणसाला तोंडाने श्वास घेण्यास पहिली पाच मिनिटे मोठी जड जातात. त्या पाच मिनिटांत जो घाबरत नाही त्याला पुढचा तास पुरत नाही. काचेवर धुके येऊ नये म्हणून आतल्या बाजूस थुंकी चोळावी, असा सल्ला मिळतो. तो ऐकून शिसारी येते, परंतु उपाय नामी आहे.

पाण्यात पाहिलेली वस्तू खरी असते त्यापेक्षा सुमारे एकतृतीयांशाने मोठी आणि सुमारे एकचतुर्थांशाने जवळ आलेली भासते. म्हणून परत आलेल्या प्रत्येकाच्या तोंडी माशाची लांबी वाढलेली असते. त्यात खोटेपणा नाही, पाण्याचा गुण आहे! दुसरी गोष्ट कानांची. पाण्याखाली नीरव शांतता असेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात कान बुडाले की चारी बाजूंनी बारीक तडतड ऐकू येऊ लागते. भडभुंज्याच्या भट्टीत ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तशी. खडकाच्या कपारीत राहणारी बोटभर लांबीची कोळंबी आपला एक मोठा नांगा झटक्याने मिटते, तेव्हा फुटणाऱ्या बुडबुड्याचा हा आवाज. अशा हजारो नांग्या एकाच वेळी मिटत असतात.

हे सारे पाहावयास मालवणच का? कोकणचा किनारा मोठा आहे, पण बहुतेक ठिकाणी वाळू आणि गाळ. मालवणचा समुद्र खडकाळ. किनाऱ्यापासून आत दूरवर पाण्याखाली खडकांची दाटी आहे. काही ओहोटीला डोके वर काढतात, काही कधीच दिसत नाहीत. ह्या खडकांची किंमत शिवाजी महाराजांनी ओळखली. १६६४ साली त्यांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली आणि तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. सुमारे अठ्ठेचाळीस एकरांचा हा किल्ला. आत राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिर, आणि चोहीकडे खारे पाणी असताना गोड पाण्याच्या दूधबाव, दहीबाव व साखरबाव ह्या तीन विहिरी. (खारपाणपट्ट्यातल्या माणसाने त्या विहिरींपुढे हात जोडावेत!) शत्रूचे गलबत सरळ तटाला भिडू शकत नसे, कारण वाट ठाऊक नसलेल्याचा तळ ह्याच बुडालेल्या खडकांवर फुटे. ज्या खडकांनी किल्ल्याची राखण केली त्यांच्याच अंगावर आज प्रवाळाची वस्ती आहे.

धोंड नव्हे, जीव

प्रवाळ म्हटले की आपल्याकडे पोवळे आठवते, मंगळाच्या अंगठीतले. ते निराळे. अंगठीतले तांबडे पोवळे परंपरेने भूमध्य समुद्रातून येत आले आहे. मालवणच्या खडकांवर जे दिसते ते फिकट पिवळे, हिरवट, तपकिरी. कुठे भाकरीच्या उंडीसारखे गोल, कुठे मेंदूवरच्या वळ्यांसारखे नक्षीदार, कुठे पसरट परातीसारखे. पहिल्या दर्शनाला तो शेवाळलेला दगडच वाटतो. पण तो दगड म्हणजे एक गाव असते. तांदळाच्या दाण्याएवढे मऊ जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि समुद्राच्या पाण्यातला चुना ओढून घेऊन आपल्याखाली घर बांधतात. ह्या जिवांच्या अंगात सूक्ष्म शैवाल बिऱ्हाड करून असते. शैवालाने उन्हावर अन्न शिजवावयाचे आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला द्यावयाचा, मालकाने त्याला आसरा द्यावयाचा, असा हा करार. रंगही बहुतांशी त्या भाडेकरूचाच.

हे बांधकाम किती सावकाश चालते ते ऐकले म्हणजे माणूस गप्प होतो. गोल वाढणारे प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढते, पुष्कळदा त्याहूनही कमी. म्हणजे गुडघ्याएवढ्या उंचीचा गोळा दिसला तर तो आपल्या आजोबांच्या वयाचा समजावा. आणि एखादा हौशी पाहुणा दम खाण्यासाठी त्याच्यावर दोन्ही पाय रोवून उभा राहतो तेव्हा वरचे कोवळे जीव चिरडले जातात. जखमेवर शैवाल माजते, आणि पुष्कळ वेळा त्या जागी पुन्हा प्रवाळ धरतच नाही.

आमचे मामा पाण्यात उतरले तेव्हा नेमका हाच प्रसंग येऊ घातला होता. नळीत थोडे पाणी गेले, ते गडबडले आणि पायाने आधार शोधू लागले. होडीवरून तांडेल ओरडला, “पाय टेकू नकात! धोंड नाय ती, जिवंत आसा!” बरोबरच्या पोराने त्यांना खांद्याला धरून वर उचलले, नळी झटकून दिली, आणि मामा पुन्हा पालथे झाले. नंतर पाऊण तास त्यांनी मान वर काढली नाही. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे त्यांच्या हाताच्या वीतभर अंतरावरून जात होते. खडकावर समुद्रफुलांचे झुबके लाटेबरोबर डुलत होते. काळ्या काट्यांची साळिंदरासारखी समुद्री अर्चिन कपारीत बसून होती. एक पोपटमासा आपल्या चोचीने खडक खरवडून खात होता. तो खाण्याचा कुरकुराट स्पष्ट ऐकू येई. होडीत चढल्यावर मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “अरे बापा, हे तं सारं जित्तंच हाय. आन् आपल्याले पाहूनबी भेत नाही. काटेपूर्णेच्या मचाणावर बसल्यासारखं वाटलं.”

मामांनी दिलेली ही उपमा मला कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेपेक्षा अधिक पटली. आमच्याकडे बुद्धपौर्णिमेच्या रात्री काटेपूर्णा अभयारण्यात किंवा मेळघाटात पाणवठ्याशेजारी मचाणावर बसून जनावरे मोजण्याची रीत आहे. तेथे कोणी बोलत नाही, विडी पेटवीत नाही, भडक कपडे घालीत नाही, आणि नीलगाय जवळ यावी म्हणून तिच्यापुढे भाकर टाकण्याचे तर कोणाच्या मनातही येत नाही. आपण हलावयाचे नाही, जनावराने यावे. समुद्रातही रीत तीच आहे. पण माणूस पाण्यात शिरला की त्याला वाटते आपण जत्रेत आलो. पाव-बिस्किटे टाकून मासे गोळा करण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो. मासे येतात खरे, भोवती घिरट्या घालतात, फोटो झकास निघतो. परंतु खडकावरचे शेवाळ खरवडून प्रवाळाला जागा मोकळी करून देणारे मासे पावाला चटावले तर ते खरवडण्याचे काम कोणी करावयाचे? फोटो काढणाऱ्याने?

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर मेळघाटातला वाघ आणि मालवणचे प्रवाळ एकाच पंगतीला बसतात. २००१ साली दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले, जेथे वाघ आधीपासून आहे. तुकडा मोडून पिशवीत टाकणे हा गुन्हा आहे, मग तो देवघरात ठेवण्यासाठी असो की काचेच्या कपाटात.

अभयारण्य आणि जाळे

मालवणचा हा भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्र सुमारे एकोणतीस चौरस किलोमीटर. त्यातले तीन चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक गाभ्याचे, त्यात सिंधुदुर्ग आणि पद्मगड येतात. कागदावर सारे चोख आहे. पाण्यावर मात्र रेघ ओढता येत नाही! ज्या दिवशी घोषणा झाली त्या दिवसापासून मच्छीमारांच्या मनात भीती आहे की अभयारण्याच्या नावाखाली आपले जाळे किनाऱ्यावर टांगले जाईल. ती भीती निराधार म्हणता येत नाही. जंगलांच्या काठच्या गावांनी काय सोसले हे विदर्भातल्या माणसाला शिकवावे लागत नाही. कायद्यातच असे म्हटले आहे की सागरी अभयारण्य करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित सांभाळावे. परंतु कायद्यातले वाक्य आणि होडीतले डिझेल ह्यांच्यामध्ये बरेच अंतर असते.

येथली पारंपरिक मासेमारी म्हणजे रापण. होडीने समुद्रात अर्धवर्तुळाकार जाळे सोडून यावयाचे आणि दोन्ही दोर किनाऱ्यावरून गावाने मिळून ओढावयाचे. बायका-मुले हाताला लागतात, आणि जो दोराला हात लावील त्याचा वाटा. बांगडा, तारली, पेडवे असा माल मिळे. मग खोल पाण्यातून माशांचे अख्खे थवे कवेत घेणारी पर्ससीन जाळी आली आणि रापणीचे दोर हलके लागू लागले. ह्या जाळ्यांवर राज्य सरकारने २०१६ साली मोठे निर्बंध घातले. भांडण अजून मिटलेले नाही. रापण आटली तसतशी घरातली तरुण मुले मुखवटे आणि नळ्या घेऊन पर्यटकांच्या मागे लागली. बाप जेथे जाळे टाकी तेथेच मुलगा आज पाहुण्याला मासे दाखवतो.

येथे खरी गोम आहे. मालवणची पोरे समुद्राचे शत्रू नव्हेत. त्यांचे पोट त्याच्यावर आहे. पण दिवाळीच्या आणि नाताळच्या सुटीत माणसांचे लोंढे येतात, एका खडकावर एका वेळी अनेक होड्या जमतात, एकेका पाहुण्याला पंधरा मिनिटे देऊन पुढचा घ्यावा लागतो. घाईत टाकलेला नांगर वाळूऐवजी प्रवाळावर पडतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२० साली मालवणच्या प्रवाळांवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. बुड्या मारणाऱ्या पर्यटकांमुळे प्रवाळ कसे तुटते आणि त्याचा जाब कोणालाच द्यावा लागत नाही, हाच त्याचा विषय. ते वाचल्यावर दोष एकट्या होडीवाल्याच्या माथी मारावा असे मला वाटत नाही. “एवढे पैसे दिले, तर सगळे दाखवा” असे बजावणारा पाहुणा तितकाच जबाबदार आहे.

ह्या सगळ्यावर आकाशातून निराळेच संकट. समुद्राचे पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा अंशभराने जरी काही आठवडे अधिक तापले तरी प्रवाळाचा आणि शैवालाचा करार मोडतो. भाडेकरू बाहेर पडतो, रंग जातो, पांढराशुभ्र सांगाडा उरतो. पाणी लवकर निवले तर बिऱ्हाड परत येते, नाहीतर उपासमारीने मरण. १९९८ पासून साऱ्या पृथ्वीभर अशा चार मोठ्या लाटा येऊन गेल्या; त्यांतली चौथी २०२३ साली सुरू झाली. मालवणच्या प्रवाळांनाही हा पांढरा रोग लागल्याच्या नोंदी झाल्या आहेत. एका होडीचा नांगर त्यामानाने क्षुल्लक, असे कोणी म्हणेल. तापातून उठणाऱ्या माणसाला लाथ मारणे क्षुल्लक असेल तर हेही क्षुल्लक!

उन्हापासून बचावासाठी अंगाला मलमे चोपडण्याची चाल आता खेड्यांतही आली आहे. त्यांतली काही रसायने प्रवाळाला बाधतात म्हणून हवाई बेटांच्या सरकारने त्यांच्या विक्रीवर २०२१ पासून बंदी घातली. आम्हा पातूरकरांना त्याची गरज पडली नाही. पुऱ्या बाह्यांचा जुना सदरा आणि पायजमा घालून मामा पाण्यात उतरले. पाठ भाजली नाही आणि समुद्रही बाटला नाही.

डॉल्फिन, पाकोळ्या, कासवे

मालवणच्या दक्षिणेस देवबागला कर्ली नदी समुद्रास मिळते. पलीकडे भोगवे, आणि त्यापुढे किल्ले निवतीचे छोटे कोळीगाव, खडकांच्या कुशीत बसलेले. ह्या पट्ट्यात सकाळी लवकर गेले तर डॉल्फिन दिसतात. हे किनाऱ्याजवळ, नदीमुखांच्या आसपास राहणारे, पाठीवर उंचवटा असलेले डॉल्फिन. जगात त्यांची संख्या घटते आहे. आम्ही गेलो त्या दिवशी एका होडीने त्यांच्यामागे इंजिन पूर्ण सोडून धाव घेतली. कळपाने एकदा पाठ दाखवली ती दाखवलीच. आमच्या तांडेलाने मात्र लांबच यंत्र मंद केले, मग बंद केले, आणि आम्ही नुसते डुलत राहिलो. पंधरा मिनिटांनी तीन पाठी आमच्या उजव्या हाताला वर आल्या, त्यांतली एक लहान. श्वास सोडल्याचा ‘फुस्स्’ आवाजसुद्धा ऐकू आला.

वेंगुर्ल्यासमोर समुद्रात खडकांची बेटे आहेत. त्यांच्या गुहांत पाकोळ्या आपल्या लाळेने घरटी बांधतात. परदेशात अशा घरट्यांचे सूप श्रीमंतांच्या पंगतीत चालते, म्हणून येथली घरटी चोरीस जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेने हा प्रकार उजेडात आणला आणि संरक्षणासाठी खटपट केली. ही बेटे लांबून पाहावीत. गुहेत शिरण्याचा हट्ट धरू नये. पिले अंधारात असतात आणि एकदा उडालेली पाकोळी परत येईलच असे नाही. ह्याच संस्थेने २००२ पासून रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला समुद्री कासवांची अंडी राखण्यास आरंभ केला. ते लोण पुढे सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यांवरही पोचले. वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला पिले समुद्रात सोडण्याचा सोहळाच होतो. मादी हिवाळ्याच्या रात्री येऊन वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालते आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी पिले निघतात. त्या वेळी बॅटरीचा उजेड त्यांच्यावर मारू नये, एवढे पथ्य पुरे. पिलाला उजेड हीच समुद्राची दिशा वाटते.

कासव जाळ्यात अडकले तर मच्छीमारापुढे पेच पडे. जाळे कापावे तर हजारोंचे नुकसान, न कापावे तर मुका जीव मरतो. २०१८ च्या अखेरीस राज्याने योजना आणली, की संरक्षित प्राण्याला सोडण्यासाठी जाळे कापले तर पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळावी. ह्या योजनेने अनेक कासवे आणि काही देवमाशांएवढाली बहिरी मोरी समुद्रात परत गेली. अभयारण्याच्या पाटीने जे साधले नाही ते ह्या साध्या व्यवहाराने साधले, असे माझे मत आहे.

आता केव्हा जावे? पावसाळ्यात समुद्र बंद. दिवाळीनंतर पाणी निवळू लागते आणि माघापर्यंत चांगले स्वच्छ असते. दिवस निवडण्यासाठी पंचांग जवळ ठेवावे, कारण भरतीचे गणित कोकणातल्या म्हाताऱ्यांनी सोपे करून ठेवले आहे: तिथीची पाऊणपट करावी, ती भरतीची वेळ. अष्टमीला आठाचे सहा, म्हणजे सहा वाजता भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, पाणी फार चढते, फार उतरते आणि गढूळ होते. पण त्या दिवशी ओहोटीला मालवणच्या रॉक गार्डनच्या खडकांत डबकी उघडी पडतात आणि चपला सांभाळीत खेकडे, समुद्रफुले पाहता येतात. पाण्यात तरंगावयाचे असेल तर अष्टमीनंतरचे दोन-तीन दिवस उत्तम. त्याला भांगाची भरती म्हणतात. ओढ कमी असते.

मामांनी लगेच हिशेब मांडला. पुढच्या वर्षी यावयाचे तर दशमी किंवा एकादशी साधावी. एकादशीला अकराचे सव्वाआठ, म्हणजे सकाळी सव्वाआठला भरलेला समुद्र. आणि ती एकादशी कार्तिकीच निघाली! मामांच्या गळ्यात माळ नाही, पण एकादशी त्यांनी कधी मोडलेली नाही. थोडा विचार करून त्यांनी तोड काढली: एकादशीस मासे फक्त पाण्यात पाहावयाचे, आणि बांगड्याच्या तिखल्याचे खानावळवाल्या वहिनींना द्वादशीसाठी सांगून ठेवावयाचे.